पाण्याला रकाना नव्हता

माझी पहिली नोकरी माणिकपूरला, एका मेडिकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती. त्या काळात जो तो वेबसाइट काढत होता. आमच्या सरांनी घरं विकणारी काढली. ते मूळचे इस्टेट एजंट. मला घेतलं ते कॉन्व्हेंटच्या इंग्रजीसाठी. मुलाखतीत मी जेमतेम चार वाक्यं बोलले.

"कमी बोलतेस ते बरंय," सर म्हणाले, "इथे लिहायचंच आहे."

नेमणुकीच्या पत्रात 'कंटेंट एडिटर' असं छापलं होतं. आईने ते पत्र शेजारी दाखवून आणलं.

वसईपासून विरारपर्यंतचे एजंट हाताने लिहिलेले कागद पाठवायचे, अर्धे मराठीत, अर्धे हिंदीत. त्यावरून मी इंग्रजीत चार नीट ओळी लिहायच्या आणि स्क्रीनवरचे रकाने भरायचे. मजला, खोल्या, स्टेशनपासूनचं अंतर. हाताने लिहिलेलं मराठी मला सावकाश वाचता येई, त्यामुळे दुपारपर्यंत डोळे दुखायला लागत. महिन्याभरात सगळी घरं सारखीच झाली. हवेशीर, प्रशस्त, शांत.

बऱ्याच कागदांच्या तळाशी एजंट लिहून ठेवत, 'पाणी टँकरचं'. हे कुठे भरायचं, म्हणून मी सरांना एकदा विचारलं.

"रकाना आहे का?"

"नाही."

"मग भरायचं कशाला?"

उमेळ्याकडच्या आमच्या बिल्डिंगलाही टँकरच यायचा. सकाळी बादल्या भरून मी कामावर जायची आणि तिथे बसून पाण्याची ओळ गाळायची.

माझी मावशी भांडुपला भाड्याच्या खोलीत राहायची. तिचे गुडघे गेलेले. स्वतःचं घर, एवढा एकच ध्यास उरलेला. एका शुक्रवारी ती आमच्याकडे आली ती मावसभावाने सायबर कॅफेतून छापून आणलेला कागद घेऊन. नालासोपाऱ्यातल्या तुळिंजचं घर, तिसरा मजला. वर्णन माझंच होतं.

"आपल्या पोरीनं लिहिलंय," ती आईला म्हणाली, "म्हणजे फसवाफसवी नाही. रविवारी टोकनचे पैसे देऊनच येते."

मी चहाचे कप उचलून आत गेले. त्या घराचा मूळ कागद मला चांगला आठवत होता. शनिवारीही मी काही बोलले नाही.

रविवारी मीही सोबत गेले. मावशी कठड्याला धरून, दर मजल्यावर थांबत चढली. एजंटने स्वयंपाकघरातला नळ सोडला. "बघा मावशी, फोर्स." मावशीने दोन्ही हात धारेखाली धरले आणि तसेच ओले हात तोंडावरून फिरवले. मग पदराला हात पुसून तिने पर्स उघडली.

"मावशी, पाणी टँकरचं आहे," मी म्हटलं. "यांनी पाठवलेल्या कागदावर होतं. मी साइटवर घेतलं नाही."

एजंट हसला. "मॅडम, तुम्ही आमच्या साइडच्या ना?"

"वर चढतं कसं?" मावशीने त्याला विचारलं.

"पंप आहे ना."

"आणि लाइट गेली की?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. मावशीने नळ घट्ट बंद केला. पर्स मिटून ती कठड्याला धरून जिना उतरली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "घरी तरी सांगायचंस. दोन दिवस गप्प बसलीस."

सोमवारी सरांच्या कानावर गेलेलंच होतं. नोकरी गेली असं धरूनच मी निघाले होते. ते रागावले नाहीत. "नातेवाईक असले की आधी सांगत जा. आपण दुसरं दाखवलं असतं."

"सर, पाण्याचा रकाना वाढवायचा का?"

"मग घर बघायला फोन कोण करेल?"

त्यांनी कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. नोकरी राहिली म्हणून बरं वाटायला हवं होतं. मला नुसतं झोपावंसं वाटत होतं.

ते घर पुढे दुसऱ्या कुणीतरी घेतलं. त्याचं पान मीच साइटवरून काढलं. कुणी घेतलं, ते विचारलं नाही.

पावसाळा संपल्यावर मावशीचा ऑफिसात फोन आला. "अगं, नालासोपाऱ्यातच आणखी एक बघितलंय. तुमच्यात छापलंय ते वाचून दाखवू नकोस. तुला माहीत असेल ते सांग."

सर समोरच बसले होते.

"संध्याकाळी घरून फोन करते," मी म्हटलं.