वडापाशी पाहिलेल्या आजी

नव्वदच्या दशकातल्या एका वटपौर्णिमेला शांती नगरच्या वडापाशी मी त्या आजींना एकदाच पाहिलं. सत्तरीच्या असतील. कपाळ मोकळं. त्यांनी पायातले परदेशी बूट काढून बाजूला ठेवले, पदर खोचला आणि वडाला सूत गुंडाळायला लागल्या.

"आजी, तुमचे मिस्टर नाहीत ना? मग हे कशाला?" शालूतल्या एका बाईने हटकलं.

आजी थांबल्या नाहीत. "मुलाने अमेरिकेतलं जंगल दाखवलं. खोल दऱ्या, नि झाडं एवढी थोरली, की एका फेरीतच दम लागला. त्यातल्या एकाही झाडाने नवरा आहे का म्हणून विचारलं नाही. तू कोण विचारणारी?"

बाई बाजूला झाली.

त्या वर्षी माझंही कपाळ मोकळंच होतं. मी लांबून बघत होते.

मी चपला काढल्या.