मावशींच्या डाव्या बाजूच्या हिरड्या

मंडळी, आज माझ्या एका पेशंटने स्वतःच्याच तोंडात प्रयोग करून दाखवला!

गोंदियातल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात बिडी वळणाऱ्या एक मावशी येतात. हिरड्या सुजलेल्या, आणि सकाळ-संध्याकाळ दातांना गुडाखू, म्हणजे तंबाखू-गुळाची पेस्ट, घासायची सवय. मागच्या वेळी मी बोलता बोलता सांगून बसले, की गांजा-भांगेच्या झाडातलं कॅनाबिडिऑल हिरड्यांच्या सुजेवर चालतं का, हे उंदरांवर तपासून पाहताहेत.

आज मावशींनी तोंड उघडलं. उजवीकडच्या हिरड्या तशाच लालभडक, पण डावीकडची सूज चक्क उतरलेली!

"मॅडम, भांगेचा पाला वाटून लावून राहिली ना मी," त्या म्हणाल्या. "एकाच बाजूले लावला. बिघडलंच तं दुसरी बाजू चावाले राहील."

मी चाटच पडले. मग विचारलं, "आणि त्या बाजूला गुडाखू?"

"पाल्यावर गुडाखू कायले लावू? दोन्ही मिसळलं तं चक्कर नाही येनार का!"

आता सूज पाल्याने उतरली की गुडाखू सुटल्याने, हे मलाही सांगता येईना. म्हटलं, "मावशी, महिनाभर दोन्ही बाजूंना काहीच लावू नका. पालाही नको. फक्त ब्रश."

"काहीच नाही? मंग त्यात औषध कोनतं?"

जाताना त्यांनी कमरेची गुडाखूची डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "महिनाभर तुमच्यापाशीच राहू द्या. पन फेकू नका."

डबी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मावशी ती परत मागतील, असं वाटतं तुम्हाला?