भाताच्या खाचरातले गोल्फ

मोजणी खात्यातली नोकरी संपवून मी कल्याणास कायमचे घर केले, तेव्हा सगळ्यांत मोठी पंचाईत झाली ती पायांची. उभा जन्म साखळी आणि निशाणे घेऊन रानोमाळ हिंडण्यात गेलेला. ठाणे जिल्ह्यातला ओढा, बांध, खाजण मी पायाखाली घातले नाही, असे क्वचितच. आता एकाएकी ओटीवर बसून पान चघळायचे म्हणजे शिक्षाच वाटे. मी घरातल्या घरात येरझारा घाली, फडताळातल्या वस्तू काढून पुन्हा लावी, धड चाललेल्या रहाटाला तेल देई. शेवटी कुटुंब कंटाळले.

"अहो, आता माझं घर मोजायला काढलंय का? जरा बाहेर फिरून या पाहू."

म्हणून मी सकाळी रुळांपलीकडे जाऊ लागलो. दिवाळी होऊन गेली होती, भात कापून झाले होते. डोंबिवली गावाच्या अंगाने खाचरे वाळून टणक झाली होती आणि त्यांत नुसते धसकटांचे खुंट उरले होते. अशाच एका सकाळी दोन खाचरांमधल्या बांधाच्या मेरेवरून चाललो असताना एक पांढरा चेंडू भणभणत आला आणि माझ्यापासून थोड्या अंतरावर पडला. पाठोपाठ एक गोऱ्या बाई आल्या. वय साठीच्या आसपास, डोक्यावर गवती टोपी, घोळदार झगा एका हाताने उचललेला, दुसऱ्या हातात टोकाशी वाकडी असलेली काठी. मी बाजूला होऊन अदबीने उभा राहिलो.

बाई मला म्हणाल्या, "ओ बाबा, माजा चेंडू बगलास का रं?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. गोऱ्या बायकांचे मराठी मी पुष्कळ ऐकले होते; ते पुस्तकी आणि तुटक असायचे. हे तर आमच्या खाडीकाठच्या आगऱ्यांचे अस्सल बोलणे! पुढे उलगडा झाला. रेल्वेच्या शेडमधल्या फोरमनसाहेबांच्या त्या थोरल्या बहीण. स्कॉटलंडातून भावाचे घर सांभाळायला आलेल्या. घरकामाला मिठागरावरची एक आगरीण होती आणि बाई जे मराठी शिकल्या ते सगळे तिच्या तोंडून. "आपण" हा शब्दच त्यांच्या कानावर पडलेला नव्हता. भाऊ असो, पाटील असो की पेन्शनर असो, सगळ्यांना एकच "तू".

चेंडू शोधून दिला तेव्हा बाईंनी काठी माझ्यापुढे केली. "मार."

मला यात अवघड काहीच दिसेना. चेंडू जागचा हलत नाही, कोणी तो फेकत नाही, अडवायला समोर कोणी नाही. मी उपरणे कमरेला बांधले, काठी उचलली आणि सगळ्या ताकदीनिशी हाणली. चेंडू होता तिथेच राहिला. दुसऱ्या खेपेस ढेकूळ उडाले. तिसऱ्या खेपेस मी स्वतःभोवती असा गरकन फिरलो की पागोटे निसटून खाचरात पडले. बाई कमरेवर हात ठेवून हसल्या. मला राग आला. पागोटे झटकले, "येतो बाईसाहेब," म्हटले आणि घरची वाट धरली.

वाटेत रागाची जागा दुसऱ्याच गोष्टीने घेतली. तो चेंडू किती लांब होता, तो ज्यात घालायचा ते गाडगे जमिनीत कुठे पुरले होते, हे मला नुसत्या नजरेने सांगता येत होते. आयुष्यभराचे कामच ते. मग ठाऊक असलेल्या ठिकाणी चेंडू पोचवता का येऊ नये? परसात जाऊन मी छत्री उलटी धरली, चेंडू म्हणून एक सुपारी ठेवली आणि सराव सुरू केला. सुपारी काही लागेना. एकदाच लागली, ती थेट पाण्याच्या माठावर.

माठ फुटल्याचा आवाज ऐकून कुटुंब बाहेर आले. ओले परस पाहिले, छत्री पाहिली, मला पाहिले. सगळी हकीकत सांगावीच लागली. पागोट्याच्या प्रसंगाला ती पदर तोंडाशी धरून हसली आणि मग म्हणाली, "त्या बाईंना येतं ना? मग त्यांच्याकडे जाऊन नीट शिका. नाही तर छत्री खुंटीला अडकवा. माझे माठ फोडू नका."

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेलो आणि म्हटले, "मला शिकायचं आहे. पहिल्यापासून शिकवा."

बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले. "म्हातारा झालास तू," त्या म्हणाल्या. "उशीर लागंल. चालंल?"

"मला दुसरं काम तरी काय आहे?"

त्यांना हे उत्तर आवडले असावे. मात्र चेंडू त्यांनी कितीतरी दिवस मला दिलाच नाही. आधी काठी धरायला शिकवली. मी ती कुऱ्हाडीसारखी आवळून धरी. बाई माझी बोटे एकेक सोडवून पुन्हा बसवीत आणि म्हणत, "पाखरू हाय ते. मारू नको त्याला." मग धसकटाच्या एकेका खुंटावरून काठी अलगद फिरवायची, एवढेच काम. मागे नेताना सावकाश, पुढे आणताना सावकाश. "हलू रं, हलू!" हा त्यांचा घोष. रुळांवरून गाडी गेली की डब्यातली माणसे खिडक्यांतून वाकून बघत. पागोटेवाला म्हातारा धसकटे झोडपतो आहे आणि गोरी बाई त्याला ओरडते आहे, हे दृश्य त्यांना कसे दिसत असेल कोण जाणे. पहिले काही दिवस मी ओशाळून तोंड फिरवी. पुढे गाडी कधी येऊन गेली, ते कळेनासे झाले.

चेंडू मिळाल्यावर माझा खरा दोष उघडा पडला. काठी चेंडूला लागण्याच्या आधीच माझी मान वर होई. साखळीच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाचे निशाण बघायचे, ही सवय हाडीमाशी खिळलेली. चेंडू जायच्या आधीच नजर जाऊन पोचे आणि चेंडू राही मागे. बाई रोज ओरडत, "डोका वर नको करू!" मी रोज कबूल करी आणि रोज डोके वर करी.

मग एका सकाळी त्यांनी निराळीच युक्ती काढली. ओल्या वाळूची चिमूट ठेवून तिच्यावर चेंडू ठेवायची त्यांची पद्धत होती. त्या दिवशी त्यांनी मला पाठ करून उभे केले, वाळूत काहीतरी दडवले आणि वर चेंडू ठेवला. "आता मार. चेंडू कुटं गेला, ते मी बगन. तू सांगायचा, खाली काय व्हता. गुंज का चिंचोका?"

मी मारले. मान अर्थातच वर गेली. "गुंज," मी अंदाजाने ठोकून दिले. बाईंनी वाकून चिंचोका उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तो सबंध आठवडा मी गुंज म्हटले की चिंचोका निघे आणि चिंचोका म्हटले की गुंज. मला त्याचा इतका ध्यास लागला की जेवताना पानातली आमटीही मी खाली मान घालून निरखू लागलो.

आणि एके दिवशी काठी फिरली, हातांना काही लागल्यासारखेच वाटले नाही, नुसता टक् असा कोरडा, नेटका आवाज झाला. वाळू उडाली आणि तिच्यात लालभडक गुंज मला स्वच्छ दिसली, तिच्या टोकावरच्या काळ्या ठिपक्यासकट.

"गुंज!" मी ओरडलो.

बाईंचे माझ्याकडे लक्षच नव्हते. टोपीची कड वर करून त्या लांब बघत होत्या. "गेला रं," त्या पुटपुटल्या. "लय लांब गेला!"

मी चेंडू जाताना पाहिलाच नव्हता, तरी माझ्या आयुष्यात एवढा आनंद मला मोजक्याच वेळा झाला असेल. घरी जाऊन मी कुटुंबाला गुंजेची गोष्ट सांगितली. तिला त्यातले फारसे कळले नाही, पण त्या दिवशी तिने न सांगता शिरा केला.

पुढे ती स्वतःच बघायला आली. आमची गाडगी पुरलेली असत ती भात झोडायच्या खळ्यांवर. झोडणी झाल्यावर शेतकऱ्याला विचारून बाईंनी ती खळी शेणाने सारवून घेतली होती, म्हणजे जवळ आलेला चेंडू हलक्या टोल्याने गाडग्यापर्यंत घरंगळत जावा. पण चेंडू सरळ म्हणून जात नसे. कुटुंबाने खळ्याभोवती एक फेरी मारली, वाकून हात फिरवला आणि नाक मुरडले.

"हे काय सारवण झालं? पोपडे आलेत नुसते." तिने बाईंच्या आगरणीला शेणाची बादली आणायला सांगितले आणि पदर खोचला. बाईसुद्धा झगा सावरून शेजारी बसल्या. दोघींनी मिळून खळे असे गुळगुळीत केले की त्यावर ताट मांडून जेवावे. बाईंचे ते "अगं, हितं दे गं थोडा" ऐकून कुटुंबाला हसू आवरेना. त्या दिवसापासून दोघींची जी गट्टी जमली, तीत मला फारशी जागा नव्हती.

दुसऱ्या हिवाळ्यात नाताळच्या सुट्टीत फोरमनसाहेबांकडे ठाण्याहून रस्तेबांधणी खात्यातले एक इंजिनियरसाहेब आले. जोडीजोडीने खेळायचे ठरले होते, पण चौथा पाहुणा हिवतापाने अंथरुणाला खिळला. तेव्हा बाईंनी परस्पर मला आपल्या बाजूस घेतले. अशा साहेबांपुढे मी जन्मभर नकाशांच्या गुंडाळ्या बगलेत घेऊन उभा राहिलेला. आताही काठी तशीच बगलेत धरून मी इंजिनियरसाहेबांकडे बघत राहिलो.

बाई म्हणाल्या, "त्याच्याकडं बगू नको. तो काय चेंडू हाय?"

खेळाचा नियम असा की जोडीत एकच चेंडू, दोघांनी आळीपाळीने मारायचा, आणि कमी टोल्यांत ज्यांचा चेंडू गाडग्यात पडेल, ते गाडगे त्यांचे. सुरुवातीला माझ्यामुळे आम्ही मागे पडलो. मग हात जरा सैल झाले आणि शेवटच्या गाडग्याला आलो तेव्हा दोन्ही जोड्या बरोबरीत होत्या. तिथे बाईंचा टोला, कधी नव्हे तो, चुकला. चेंडू एका उंच मेरेच्या पायथ्याशी जाऊन बसला. खळे मेरेपलीकडे. आता पाळी माझी.

फोरमनसाहेब हसत हसत इंग्रजीत म्हणाले, "म्हाताऱ्याला चेंडू हाताने उचलू द्या हवा तर." बाईंनी भावाकडे असे पाहिले की तो दोन पावले मागे सरला.

मी लोखंडी काठी घेतली. मेर किती उंच, खळे किती लांब, हे मनात येऊ लागले. ते मी बळेच बाजूला सारले. चेंडूखालचे वाळके गवत बघितले आणि तेच बघत राहिलो. काठी सावकाश मागे गेली, सावकाश आली. गवताची कापलेली पाती दिसली, आणि मग पलीकडून इंजिनियरसाहेबांचा मोठा आवाज आला, "शाबास!" मेर चढून पाहतो तो चेंडू खळ्यावर, गाडग्यापासून थोडक्या अंतरावर थांबलेला.

बाईंनी तो आणखी जवळ नेला. वीतभर अंतर राहिले असेल. समोरच्या जोडीला या गाडग्याला एक टोला जास्त लागला होता; एवढा गाडग्यात घातला की आम्ही जिंकलो. मी वाकलो, टोला दिला, आणि आनंदाच्या भरात मान वर केली. चेंडू गाडग्याच्या काठाला चाटून पलीकडे गेला.

मग बाईच पहिल्यांदा हसल्या, पाठोपाठ साहेब, आणि शेवटी मीही. पुढच्या टोल्याने बाईंनी चेंडू आत घातला आणि सामना बरोबरीत सुटला. बंगल्यावर त्या तिघांनी चहा घेतला. मी त्यांच्या घरचे पाणी घेत नाही हे बाईंना ठाऊक होते. माझ्यासाठी त्यांनी आधीच शहाळे आणवून ठेवले होते. निरोप घेताना इंजिनियरसाहेबांनी मला ठाण्याला खेळायला बोलावले. "तो मेरेवरचा टोला मला शिकवा," ते म्हणाले. मी खरेच गाडीत बसून ठाण्याला गेलो, तिथल्या माळावर सपाटून हरलो आणि मजेत परत आलो.

पुढे फोरमनसाहेबांची बदली वऱ्हाडात झाली. जाताना बाईंनी आपल्या काठ्यांतल्या दोन मला दिल्या. कुटुंबाने त्यांना खणानारळाने ओटी भरून वाटेला लावले. स्टेशनात दोघी रडल्या. मीही उगाच सिग्नलाकडे बघत उभा राहिलो.

आता मी साठी ओलांडली आहे आणि पंचावन्नाव्या वर्षी खेळत होतो त्याहून पुष्कळ बरा खेळतो. गुडघे कुरकुरतात, पण टोला सरळ जातो. भात कापून झाले की आम्ही दोघे सकाळी रुळांपलीकडे जातो. कुटुंब लांबचे टोले मारीत नाही. तेवढे खाचर तुडवणे आपल्याला जमत नाही म्हणते. ती सरळ खळ्यावर जाऊन थांबते आणि तिथून पुढचा खेळ तिचा. परवा तिने खळ्याच्या पार कडेवरून चेंडू गाडग्यात घातला. मी तोंड उघडे टाकून बघत राहिलो, तर म्हणाली, "बघताय काय? काढा तो बाहेर. पुन्हा घालते."

मी वाकून चेंडू काढून दिला.