गोळी वाढवण्याआधी

आमच्या इंद्रलोक इमारतीतले खालच्या मजल्यावरचे शेजारी दारू सोडल्यापासून कुणालाही उपदेश करत नाहीत, फक्त प्रश्न विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत. परवा मी त्यांच्यासोबत मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर उदासीची गोळी वाढवून देत होते. त्यांच्या जागी मी असतो तर मान डोलावून बाहेर पडलो असतो.

"डॉक्टर, दारू सुटली, पण आता रडूच येत नाही," ते शांतपणे म्हणाले. "आई गेली तेव्हाही आलं नाही. हे आजारामुळे होतंय की गोळीमुळे?"

"गोळी बंद केलीत का?"

"तुम्हाला न विचारता कशी करणार? म्हणून तर विचारतोय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आई कधी गेली?"

त्या दिवशी गोळी वाढली नाही. बाहेरची रांग मात्र बराच वेळ खोळंबली.