गाव आचरा, मुक्काम डोंबिवली

"दुपारपर्यंत ओ निगेटिव्ह रक्ताचा माणूस मिळाला नाही, तर बाईंना गोव्याला हलवावं लागेल," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "गुरुनाथचा प्रोग्राम उघडा ना."

तो प्रोग्राम उघडत नव्हता.

मी मालवणजवळच्या एका लहान खाजगी रुग्णालयात नोंदणीचं काम पाहतो. आमच्या शिबिरांत रक्त देणाऱ्यांची माहिती ठेवायला माझ्या सहकाऱ्याने, गुरुनाथने, एक प्रोग्राम लिहिला होता. गुरुनाथ यंदा थंडीत वारला. पुढे कॉम्प्युटर बदलले आणि नव्या मशीनवर तो प्रोग्राम चालेना.

बाई म्हणजे आमच्या पेशंट, शाळेतल्या शिक्षिका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं सिझेरियन होतं. रक्तपेढीत त्यांच्या गटाची एकच पिशवी होती आणि मॅडमना दोन हव्या होत्या. बाईंचा एकच हेका होता, "गोव्याक नको ओ. आई माझी पाय मोडून घरात. थंय माझ्याकडे कोण बघतला?" नवरा बाहेर बाकावर कपड्यांची बॅग भरून घेऊन बसला होता.

प्रोग्राम बंद असला तरी माहितीची फाइल शाबूत होती. प्रोग्राम म्हणजे दुकानाचा काउंटर. माल मागे गोडाऊनमध्ये असतो, त्याला डेटाबेस म्हणतात. काउंटर मोडला म्हणून माल कुठे जात नाही. थेट गोडाऊनमध्ये शिरायला एक हलकंसं, फुकट मिळणारं टूल असतं. चहा गार होण्याआधी ते मशीनवर बसलं.

आधी फाइलची कॉपी केली आणि कॉपीच उघडली. ही शिस्त गुरुनाथची. डावीकडे तक्त्यांची नावं आली, वर कोरी चौकट, खाली उत्तराची जागा. चौकटीत प्रश्न टाइप करायचा, त्याला क्वेरी म्हणतात. सिलेक्ट म्हणजे काय दाखवू, फ्रॉम म्हणजे कुठल्या तक्त्यातून आणि व्हेअर म्हणजे अट. मी पहिल्याच खेपेला व्हेअर लिहायला विसरलो. अख्खा तालुका धो धो खाली आला.

"अरे, बंद कर तो नळ!" शेजारून रोझीताई ओरडली. ती आमची रिसेप्शनिस्ट. तिचा आवाज माइकशिवाय दुसऱ्या मजल्यापर्यंत जातो.

मग नीट अट घातली. रक्तगट ओ निगेटिव्ह, गाव मालवण किंवा आचरा. नावं आली. मी खूश. रोझीताईने स्पीकरवर फोन लावला.

"आचऱ्याचे ना तुम्ही?"

"होय तर! गाव आचराच."

"मग दुपारपर्यंत रक्त द्यायला याल?"

"दुपारपर्यंत? ओ बाई, मी डोंबिवलीक आसंय. चतुर्थीक येतलंय, तेव्हा व्हया तेवढा घेवा!"

दुसरा विरारला. तिसऱ्याचा जन्मच परळचा, पण गाव मालवण हे त्याने एवढ्या ठसक्यात सांगितलं की मलाच विचारल्याची लाज वाटली. एकजण तर दुबईहून विचारत होता, विमानाचं तिकीट रुग्णालय देणार का.

मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. "मिळालं कोणी?"

"मिळाले सगळे," मी म्हणालो. "इथे कोणीच नाही."

रोझीताईने फोन आपटला. "आमच्या माणसाक गाव विचारल्यार तो पणज्याचा घर सांगता. रवता खंय, ता तुका कित्याक सांगतलो?"

ते खरं होतं. राहतो कुठे ते कोणीच लिहिलं नव्हतं, म्हणजे गावाचा रकाना बिनकामाचा. मी इतर रकाने पाहू लागलो. शिबिराची तारीख दिसली आणि डोक्यात काहीतरी हललं. मुंबईचे चाकरमानी गावी येतात ते शिमग्याला, मे महिन्यात आणि चतुर्थीला. भर आषाढात, रस्त्यावर गुडघाभर पाणी असताना मुंबईहून रक्त द्यायला कोण येतो? जुलैच्या शिबिरात जो दिसेल, तो बहुधा इथलाच. गावाची अट खोडली. तारखेची घातली. बटण दाबलं.

दोन नावं आली.

पहिलं गुरुनाथचं होतं. त्याचा गट ओ निगेटिव्ह होता हे मी विसरलो होतो. रोझीताईनेही पडद्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हळू बोलली, "आज असतो तर आतापर्यंत बाही वर करून उभो रवलो असतो." मी मान हलवली आणि दुसरी ओळ वाचली. संदेश. गाव वैभववाडी.

"वैभववाडी? लांब पडेल," मॅडम म्हणाल्या.

रोझीताई उठली. तिने फोनला हात न लावता खिडकी उघडली. समोर रस्त्यापलीकडे गॅरेज आहे.

"संदेशाऽ! तुझो रक्तगट खंयचो रे?"

स्कूटरखालून उत्तर आलं, "ओ निगेटिव! कित्याक गो?"

"हात धुव आणि ये! जेवलंस ना?"

गेली कित्येक वर्षं तो आमच्या समोर होता. बाईंच्या नवऱ्याने त्याला स्वतः जिल्ह्याच्या रक्तपेढीत नेलं. वाटेत त्याला दोन नारळपाणी आणि तीन वडे आग्रहाने चारले. तिथल्या तपासण्यांत तो पास झाला. दुसऱ्या दिवशी बाईंना मुलगी झाली, आमच्याच रुग्णालयात. दुसरी पिशवी लागलीसुद्धा नाही.

पुढच्या शिबिराच्या अर्जात नवा रकाना हवा, असं मी मॅडमना सुचवलं. 'सध्याचा पत्ता' लिहिलं तर लोक पुन्हा गावच लिहितील, याबद्दल आमच्या तिघांचं एकमत होतं. बराच खल झाला. शेवटी रोझीताईचंच वाक्य अर्जावर छापलं: 'साध्या सोमवारी सकाळी तुम्ही कुठे असता?'

आता उत्तरं बरोबर येतात. एकाने मात्र लिहिलंय, 'होडीवर'.