गाडीतलं तेल वाढलं तेव्हा

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये अजब प्रकार झाला. आमच्या जुन्या गाडीतलं इंजिन ऑइल चक्क वाढलं होतं... तेल मोजायची सळी, म्हणजे डिपस्टिक, पुसली, परत घालून बघितली. तेल वरच्या खुणेच्याही वर.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, आमची गाडी तेल खाते. सासऱ्यांनी घेतलेली पेट्रोल गाडी, आता तिचंही वय झालंय. खाली फरशीवर एक थेंब गळत नाही, पण महिन्याभरात डिपस्टिक कोरडी पडायला येते. कर्नाळ्याचा उतार संपून ॲक्सिलरेटर दाबला की आरशात निळसर धूर दिसतो, म्हणजे तेल आत इंजिनातच जळतंय.

निलेशचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, मत स्पष्ट होतं. विकून टाकू, नवीन नंतर बघू. तो कंपनीच्या बसने द्रोणागिरीला जातो, त्याचं गाडीवाचून काही अडत नाही. गाडी लागते ती दर रविवारी, सासूबाईंना उरणला त्यांच्या बहिणीकडे न्यायला. मावशींना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून त्या अंथरुणावरच आहेत. आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे असे की एसटीची पायरी चढवत नाही, आणि कॅबमध्ये त्या परक्याच्या घरी बसल्यासारख्या अंग चोरून बसतात.

म्हणून मी निलेशकडे थोडी मुदत मागितली. वेगळं तेल घालून बघू, फरक पडला नाही तर खुशाल विक. आणि मग मला त्या तेलाचा नादच लागला...

डब्यावरचे ते आकडे, 5W-30, 10W-40, 20W-50, मला आधी डॉक्टरच्या अक्षरासारखे वाटायचे. वाचत गेले तेव्हा कळलं, W म्हणजे विंटर. पहिला आकडा गार इंजिनात तेल किती सहज वाहतं त्याचा, दुसरा तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहतं त्याचा. आता पनवेलचा विंटर म्हणजे पंखा पाचवरून तीनवर... तेव्हा पहिल्या आकड्याची काळजी मी सोडून दिली.

खरी गोम दुसऱ्या आकड्यात होती. दाट तेल झिजलेल्या फटींतून कमी निसटतं. पण फारच दाट घेतलं तर इंजिनाला ते फिरवायला जड जातं. आमचे मेकॅनिक रफिकभाई म्हणाले, "सीधा 20W-50 डालो मॅडम." गाडीच्या पुस्तकात मात्र 10W-40 पर्यंतच परवानगी होती. मी पुस्तकाचं ऐकलं, जुन्या इंजिनांसाठी मिळतं तसं 10W-40 आणलं. वर टॉप-अपसाठी एक छोटा डबा.

आणि काय सांगू, आठवड्यामागून आठवडे गेले तरी तेल ढिम्म हललं नाही. मी इथेच फुशारकीची पोस्ट टाकली होती, आठवत असेल तुम्हाला. निलेशही गाडी विकायचं बोलेनासा झाला.

...आणि आता हे वाढलेलं तेल. इंटरनेटवर वाचलं, पेट्रोल तेलात मिसळत असेल तर असं होतं. गाडी सुरू करायचीही भीती वाटत होती, पण गॅरेज कोपऱ्यावरच आहे म्हणून हळूहळू नेली. रफिकभाईंनी डिपस्टिक हुंगली आणि म्हणाले, पेट्रोल वगैरे काही नाही, तेलच जास्त घातलंय तुम्ही. मी तर थेंबही घातला नव्हता.

घरी येऊन गॅलरीतला छोटा डबा उचलला. जवळजवळ रिकामा. मागे स्वयंपाकघरातलं जुनं नरसाळं, आतून तेलकट. घरात माणसं तीन, त्यातल्या निलेशला बॉनेट कुठून उघडतं तेही विचारावं लागतं...

आईंना विचारलं तर त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. मी तेल बघताना त्या शेजारी उभ्या असायच्या, तेव्हाच सगळं बघून ठेवलं होतं म्हणे. मी ऑफिसला गेले की अधूनमधून किल्ली घेऊन खाली जायच्या आणि वाटीभर घालून यायच्या. खुणांचं त्यांना काही नव्हतं, कमी पडू द्यायचं नाही एवढंच.

"समईत तेल सरलं का आपन घालतोच ना?" आई म्हणाल्या. "मंग समई मोडीत काढतो काय?"

मला हसूच फुटलं. पण त्या हसत नव्हत्या.

"निलेश म्हनतो नंतर घेऊ. त्याचं नंतर मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या बायला तवर वेळ हाय का नाय, ते कोन सांगनार?"

बाय म्हणजे मावशी. मी आपली ग्रेड, आकडे, धुराचा रंग शोधत बसले होते, आणि ही बाई दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरून बहिणीची भेट वाचवत होती.

जास्तीचं तेल रफिकभाईंनी काढलं. त्यानंतर नीट लक्ष ठेवलं, तेव्हा खरं काय ते कळलं. गाडी तेल अजून खाते, पण पूर्वीपेक्षा बरंच कमी. म्हणजे माझं 10W-40 अगदीच वाया गेलं नाही.

निलेशला मी सगळं सांगितलं, समईसकट. त्याने हातातला मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाला, "राहू दे गाडी. आणि आईला सांग, खुणेच्या वर नको घालूस." ते त्यानेच सांगावं असं मी म्हटलं, तर आत जाऊन सांगितलंही.

काल उरणला तोही आमच्याबरोबर आला. आई मावशींना नेहमीसारख्या दुधात भाकरी कुस्करून भरवत होत्या आणि भरवता भरवता म्हणाल्या, "बाय, गाडी ऱ्हायली गो."

मावशींचा आता अर्धाच चेहरा हलतो. तो अर्धा चेहरा हसला... आणि निलेश पाणी आणतो म्हणून उठून बाहेर गेला.