शीतलच्या आईनं शिकवलेला प्रवेश

मित्रहो, दुपारपासून हे कुणाला तरी सांगायचं होतं.

आज कोल्हापुरात आमच्या नाटकाची तालीम होती. जुन्या ग्रीक शोकांतिकेवरून एका फ्रेंच लेखिकेनं आजच्या काळात लिहिलेलं हे नाटक मी मराठीत आणलंय. राजानं बंदी घातलेली असताना एक बहीण मेलेल्या भावाला माती द्यायला निघते, एवढीच गोष्ट.

बहिणीचं काम करणाऱ्या शीतलची आई अचानक राधानगरीहून आली. "पोरीला न्यायला आलोय. नाटकबिटक बास झालं," म्हणाली. शीतलचा चेहरा उतरला.

मी म्हटलं, "मावशी, एक प्रवेश बघा, मग न्या."

राजासमोरचा प्रवेश सुरू झाला. शीतल जीव तोडून ओरडत होती. मावशी उठल्या आणि थेट तिच्याजवळ गेल्या.

"वरडू नगंस. माझा भाऊ पुरात गेला, त्यो सापडलाच न्हाय. मी चार दिवस नदीकाठावरनं हललो न्हाय. माणसं वढत हुती, पर मी एकदाबी वरडलो न्हाय. त्याला घेतल्याबिगार येत न्हाय, एवढंच म्हणत हुतो."

शीतलला हे माहीतच नव्हतं. तिनं तोच प्रवेश पुन्हा केला, अगदी हळू आवाजात. राजाचं काम करणारा आमचा नट पुढचं वाक्य विसरून तिच्याकडं बघत राहिला.

मावशी एसटीनं एकट्याच परत गेल्या. निघताना लेकीला म्हणाल्या, "प्रयोग झाला की ये घरला."

वर्षभर मी फ्रेंच ओळींना मराठी शब्द शोधत होतो. ती बहीण मला आज दिसली.

तुमच्या आईबद्दल असं काही तुम्हाला फार उशिरा कळलंय का?